माहेरवाले भाऊ

आमच्या रक्तपेढीतले भाऊ कुठल्याही बाईला तिचं नाव विचारत नसत, माहेर विचारत. बाई बाळंतपणाची असो, साठीची असो, जेमतेम शुद्धीवर असो, हे सिरिंज घेऊन खाटेशी उभे राहणार आणि आधी म्हणणार, "ताई, माहेर कुठलं गं तुझं?" बाईनं सांगितलं की मगच सुई टोचणार. रक्त ज्या छोट्या काचेच्या बाटलीत घेतात तिला आम्ही बल्ब म्हणतो. त्या बल्बवर चिकटपट्टी लावून कागदावरचं नाव, खाट नंबर आणि खाली ठळक अक्षरांत माहेर लिहायचे. बाऱ्हे, करंजाळी, हरसूल, जे असेल ते. पुढे रक्ताची पिशवी तयार झाली की ती घेऊन स्वतः वॉर्डात जायचे आणि पिशवी लावण्याआधी बाईला पुन्हा तोच प्रश्न. नर्सेस त्यांना माहेरवाले भाऊ म्हणायच्या, अगदी तोंडावर.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या त्या धर्मादाय हॉस्पिटलात रक्तपेढीची डॉक्टर म्हणून रुजू झाले. नवीन डिग्री, इस्त्रीचा कोट आणि मान ताठ. हा माणूस मॅट्रिक, बाटल्या धुवायला लागलेला आणि बघून बघून काम शिकलेला. मला ते माहेर प्रकरण म्हणजे नसता चोंबडेपणा वाटला. तसं मी विचारलंही. तर म्हणाले, "मॅडम, ह्या बाया पेठ-सुरगाण्याकडच्या, डोंगरातल्या पाड्यांवरच्या. पूर्ण नाव म्हटलं की नवऱ्याचं नाव आलं, ते ती तोंडानं घेणार नाय. मग आपण कागदावरचं वाचून दाखवतो, 'अमुक तमुक गावित ना?' ती मान खाली घालते. लाजून घालते, भिऊन घालते, आन् आपण समजतो हो म्हणाली. पांढरा कोट बघितला की त्या कशालाबी हो म्हणतात. पण माहेर विचारा, लगेच मान वर करते बघा."

मी 'असेल' म्हटलं आणि विसरले.

मग एकदा सोनाबाई नावाच्या बाईला रक्त लावायचं होतं. निवासी डॉक्टरांनी पिशवी स्टँडला टांगली, नळी जोडायची एवढंच बाकी. भाऊ मागून आले, बाईशी दोन शब्द बोलले आणि सरळ पिशवी काढून काखेत मारून चालू लागले. डॉक्टर ओरडले, "अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" मीही धावत गेले आणि चार माणसांत त्यांना झापलं. ते शांतपणे म्हणाले, "बल्बवर करंजाळी हाय, मॅडम. ही बाई म्हणते बाऱ्हं." वॉर्डात दोन सोनाबाई होत्या. पिशवी दुसरीची होती आणि दोघींचे गट वेगळे. चुकीच्या गटाचं रक्त शरीरात गेलं तर माणूस त्या रक्तानंच मरतो, हे कुणाला सांगायला नको. आभार मात्र कुणीच मानले नाहीत. उलट मी त्यांना बजावलं, पुन्हा मला विचारल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही. "बरं मॅडम," म्हणाले. आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं.

दुर्मीळ गटाचे रक्तदाते त्यांच्या डोक्यात असत. देवळाली कॅम्पातले एक हवालदार, येवल्याहून नाशिकला येऊन राहिलेला एक पैठणी विणणारा, पंचवटीतली एक शिक्षिका. कोण कुठल्या गल्लीत राहतो, कुणाला कावीळ होऊन गेली, कुणी किती महिन्यांपूर्वी रक्त दिलं, सगळं तोंडपाठ. अडचण आली की आम्ही फोन फिरवत बसायचो आणि हे सायकलवर टांग मारून जायचे, दोन तासांत माणूस पुढ्यात हजर. "लिहून ठेवा की हो भाऊ," मी म्हणायची. "कुणी वाचणार हाय का?" ते म्हणायचे. वाचणारं कुणी नव्हतं, हे खरंच होतं.

माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता. राग नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्यानं धुतलेली काचेची नळी वापरायचे नाहीत, पुन्हा धुवायचे, तेही धुणाऱ्याच्या देखत. आणि त्यांचे ते दोन शब्द, "परत बघा." एकदा विद्यार्थ्यांसमोर मी घाईघाईत एक रक्तगट सांगून मोकळी झाले. मागून आवाज आला, "मॅडम, परत बघा." पाहिलं. माझं चुकलं होतं. तोंडात मारल्यासारखी उभी राहिले मी. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मी हे आज लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्या आठ दिवसांचाही हात आहे.

दोन हजार सालानंतर आमच्या विश्वस्तांना दर्जाच्या प्रमाणपत्राची हौस आली. मुंबईहून टाय लावलेले एक सल्लागार आले. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, संगणक आला, छापील लेबलं आली. सल्लागारांनी भाऊंचा एक बल्ब चिमटीत धरून विचारलं, "हे खाली काय लिहिलंय?" मी सांगितलं. ते हसले. मीही हसले. हो, मीही! "याला फॉर्मॅटमध्ये रकाना नाही," ते म्हणाले. मग भाऊंची शैक्षणिक अर्हता निघाली. तीही फॉर्मॅटमध्ये बसत नव्हती. भाऊ अठ्ठावन्नचे होत आले होते. आमच्याकडे चांगल्या माणसाला दोन वर्षांची मुदतवाढ सहज मिळायची, फक्त विभागाच्या डॉक्टरनं शिफारस करायची.

त्या आठवड्यात भाऊ माझ्या केबिनमध्ये आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मॅडम, मला नका ठेवू एक वेळ. माझं काय, मी घरी बसेन. पण त्या लेबलवर तेवढा एक रकाना ठेवायला सांगा." अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस स्वतःसाठी काही मागत नव्हता. मी म्हटलं, "बघते." आणि मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुदतवाढीचा कागद समोर आला. त्यावर मी 'आवश्यकता नाही' असं लिहून सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. नव्या व्यवस्थेत मी विभागप्रमुख होणार होते, आणि माझ्या विभागात मला 'परत बघा' म्हणणारं कुणी नको होतं.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. 'पोकळी' हा शब्द तीन जणांनी वापरला, त्यात एक मी.

आठ महिने काही घडलं नाही. मग बाळंतीण कक्षात शेजारशेजारच्या खाटांवर दोन यमुना गावित आल्या. नवऱ्यांची नावं वेगळी, गावं वेगळी. एकीला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता, तिला रक्त हवं होतं. भाऊ जायच्या थोडं आधी रुजू झालेली आमची नवी तंत्रज्ञ गेली. मुलगी हुशार, पदवीधर, नियमानं चालणारी. पण तिनं चुकून दुसरीच खाट गाठली आणि कागदावरचं पूर्ण नाव नवऱ्यासकट वाचून विचारलं, "तुम्हीच ना?" त्या बाईनं मान खाली घातली. मुलीनं रक्त घेतलं, छापील लेबल लावलं. प्रयोगशाळेत सगळं अचूक जुळलं. यंत्रानं एकही चूक केली नाही. फक्त बल्बमधलं रक्त शेजारणीचं होतं. पिशवी वॉर्डात गेली तेव्हा सिस्टरनं नाव आणि नंबर ताडून पाहिले, तेही बरोबर. माहेर विचारणारं कुणी नव्हतं. पाव पिशवी जाईपर्यंत यमुनेला हुडहुडी भरली, कंबर धरून ती कळवळायला लागली. मूत्रपिंडं गेली. तिसऱ्या दिवशी यमुना गेली. मुलगी झाली होती तिला, ती तेवढी जगली.

चौकशी समिती नेमली. समितीत कोण? मी! अहवालात 'मानवी चूक' असा शब्द घातला आणि त्या पोरीला कामावरून काढून आम्ही हात झटकले. याच चुकीपासून जो माणूस आम्हाला अठ्ठावीस वर्षं वाचवत होता, त्याचा अहवालात उल्लेखही नव्हता. प्रमाणपत्र मात्र फ्रेम करून दर्शनी भागात लागलं.

मला राहवेना. एका रविवारी मखमलाबादला भाऊंच्या घरी गेले. सगळं सांगायचं, सहीसकट, असं ठरवूनच गेले होते. भाऊ ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला बघून लगबगीनं उठले, आत खुर्ची मांडली, बायकोला हाक मारली, "अगं, आमच्या मॅडम आल्यात!" बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. माझ्यासमोर खालीच बसले. मग म्हणाले, "चूक माझीच हाय, मॅडम. जायच्या आधी त्या पोरीला हाताला धरून शिकवायला पायजे होतं. मी रागात निघून आलो."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे रोज तुमचं नाव काढतात हो. साऱ्या हॉस्पिटलात तुम्ही एकट्याच ह्यांच्यासाठी भांडल्या म्हणे."

"ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं मला," भाऊ म्हणाले. "म्हणाला, मॅडमनी लय जोर लावला, पण वरच्यांनी ऐकलं नाय. मला तेवढं पुरे हाय, मॅडम. कुणीतरी बोललं माझ्यासाठी."

त्या क्लार्कनं दया म्हणून मारलेली ती थाप होती. ती खोडून काढायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्यायले. चांगला झालाय म्हटलं. भाऊ रिक्षापर्यंत सोडायला आले आणि रिक्षावाल्याला दम देऊन म्हणाले, "नीट ने रं, डॉक्टरीणबाई हायेत आमच्या."

त्यानंतर भाऊ चार वर्षं जगले. मखमलाबाद माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि मी एकदाही गेले नाही.