सिद्धाप्पाने निवडलेला प्लग

सिद्धाप्पा भित्रा होता. उगाच गोड बोलून काय उपयोग? पोलिसाला भ्यायचा, विजेच्या तारेला भ्यायचा, लग्नातल्या बँडला भ्यायचा. घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. लांडग्याच्या भीतीनं हा पोरगा कळपाच्या मधोमध शिरून झोपायचा, तेव्हा बापानंच वैतागून त्याला सोलापूरला आणलं आणि सर्व्हिस मोटारींच्या, म्हणजे उतारू नेणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यात चिकटवलं. तिथं मात्र त्याचं बस्तान बसलं. भित्रा माणूस प्रत्येक नट दोनदा आवळतो. त्यानं हात लावलेली मोटार सहसा वाटेत रुसायची नाही.

आता अशा माणसाला मेव्हणा कसा मिळावा? तर बाळासोसारखा! बायकोचा, राजाबाईचा हा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला काखेला मारून वाढवला. आणि हा बाबा सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मौतीच्या विहिरीत फटफटी चालवायचा. फळ्या ठोकून केलेली गोल, खोल विहीर. लोक वरच्या कठड्यावरून खाली वाकून बघणार, आणि हा तळातून निघून सरळ उभ्या भिंतीवर चढणार. वेग आहे तोवर भिंतीला चिकटून राहायचं, वेग गेला की खाली. बाहेरच्या पाटीवर ‘प्रोफेसर बाळासो’ असं रंगवलं होतं. चौथीतून शाळा सोडलेला प्रोफेसर!

या प्रोफेसरला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. प्लग तेवढा दाजींनी निवडून द्यायचा, हे ठरलेलं. प्लग म्हणजे बोटाएवढी चीज, खाली लोखंड आणि वर पांढरी चिनी माती. इंजिनात ठिणगी पाडायचं काम त्याचं. ठिणगी बंद, की गाडी बंद. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो. भिंतीवर बंद पडली तर? सिद्धाप्पाचा विचार इथंच येऊन अडायचा. त्यानं एकही खेळ डोळ्यांनी पाहिला नव्हता. विहिरीकडे पाठ करून तो नुसता आवाज ऐकत उभा राहायचा.

चौतीस सालच्या संक्रांतीला विहिरीच्या मालकानं नवं खूळ काढलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, संध्याकाळी शोभेचं दारूकाम असायचं. ते बघायला वैराग-नातेपुत्यापासूनची माणसं येणार. त्या गर्दीसमोर बाळासोनं भिंतीवर चढल्यावर डोळ्याला काळी पट्टी बांधायची, अशी दवंडीच त्यानं पिटवली.

राजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

“अवं, करीला कुनी चांगल्या कामाला हात लावत न्हाय, आन ह्यो डोळं बांधून मराय निघालाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “गाडी चालूच हुनार न्हाय असं कायतरी करा की. तुमाला येतंय की त्यातलं.”

“त्याला कळलं म्हंजी?”

“कळू द्या. जित्ता ऱ्हाऊन शिव्या दिल्या तर देऊ द्या.”

करीच्या दुपारी सिद्धाप्पा मैदानात पोचला तेव्हा बाळासो जुना प्लग काढून बसला होता. तेलानं काळाकुट्ट झालेला. “दाजी, ह्यो मधीच फुसफुसतोय. चांगला निवडून द्या,” म्हणत त्यानं प्लगांचा पत्र्याचा डबा पुढं सरकवला आणि मालकाकडं निघून गेला.

डब्यात दोन चांगले प्लग होते. एक लवकर तापणारा, तेल जाळून स्वच्छ राहणारा. दुसरा कितीही पळवलं तरी थंड राहणारा. एरवी सिद्धाप्पानं दोन्ही उजेडात धरले असते, पुसले असते, पुन्हा पुसले असते. आज त्यानं कोटाच्या खिशातून तिसराच काढला. वैरागच्या मोटारीतून काढून टाकलेला, चिनी मातीला केसाएवढी चीर गेलेला. मेलेला प्लग. त्यानं तोच गाडीत बसवला. पान्याची मूठ घामानं दोनदा निसटली.

वर माणसांची रेटारेटी चालू होती. बाळासो आला, गाडी विहिरीत नेली, दार लागलं. सिद्धाप्पा पाठ करून उभा राहिला. आता किक मारील, मारून मारून दमेल, लोक शिट्ट्या वाजवतील आणि सुटलो.

पहिल्याच किकेला गाडी चालू झाली.

 अरे देवा! आता सिद्धाप्पाला वैरागच्या मोटारीच्या ड्रायव्हरचं बोलणं आठवलं. सकाळी झकास निघाली, पण इंजिन तापलं आणि चढावर बसली. फुटका प्लग गार असेपर्यंत ठिणगी देतो. तापला, की चीर पसरते आणि सगळं संपतं. भीतीच्या भरात एवढं कसं सुचलं नाही आपल्याला?

आवाज वर वर चढला. फळ्या थरथरू लागल्या. लोक ओरडले. बाळासो भिंतीवर होता.

सिद्धाप्पा धावला. दारावरच्या माणसानं सदरा धरला, तो फाडून घेऊन आत घुसला आणि तळाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. डोक्यावर गाडी गरगरत होती. “उतर! बाळासो, उतर!” स्वतःचा आवाज त्यालाच ऐकू येईना. बाळासोनं एक हात सोडून खिशातून काळी पट्टी काढली. सिद्धाप्पानं डोक्याचा पटका ओढून काढला आणि वेड लागल्यासारखा हलवत गोल फिरू लागला. रडत होता तो. मोठा बाप्या माणूस हमसून हमसून रडत होता.

बाळासोची नजर खाली गेली. पट्टी हातातच राहिली. गाडी घेरे घेत खाली येऊ लागली. उभी भिंत संपून उतरत्या फळ्या लागल्या, तोच इंजिन फट् फट् करून गप्प झालं. गाडी आडवी घसरत तळाला आली. बाळासोचं कोपर सोलून निघालं, पण तो ताडकन उठला.

“आक्काला काय झालं?” पहिलं हेच विचारलं त्यानं. दाजी कधी नव्हे ते विहिरीत आले, म्हणजे घरी काही बरंवाईट झालं असं त्याला वाटलं होतं.

सिद्धाप्पानं पटक्यानं डोळे पुसले. “काय न्हाय झालं. प्लग... फुटका हाय त्यो. म्याच घातला. गाडी चालू हू नये म्हनून.”

 वरून लोक पैसे परत मागत होते, मालक आईमाईवरून शिव्या देत होता.

“आक्कानं सांगितलं?”

“न्हाय,” सिद्धाप्पा म्हणाला. “माझंच डोस्कं.”

 बाळासो बाहेर गेला, डबा घेऊन आला आणि दाजीपुढं तळावर ठेवला. “दाजी, मी चढनार. तुमी दिला न्हाय तर हातात यील त्यो घालीन. मला त्यातलं काय कळतंय?”

सिद्धाप्पा खाली बसला. दोन्ही प्लग हातात घेतले. गाडी तेल फार खाते, म्हणून त्यानं ते जाळून टाकणारा, तापणारा निवडला. पुसला, टोकातली फट नखानं चाचपली, पुन्हा पुसला. बसवला, आवळला, पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा आवळायला निघाला, तेव्हा बाळासोनं पाना काढून घेतला.

“बसला का नीट?”

“बसला.”

बाळासोनं पट्टी खिशात घातली आणि गाडीवर बसला. सिद्धाप्पा मध्यावर जाऊन उभा राहिला.

“दाजी, भाईर जावा की. पडलो तर तुमच्या अंगावर पडंन.”

“पड,” सिद्धाप्पा म्हणाला.

 तो हलला नाही. बाळासोनं थोडा वेळ वाट बघितली आणि किक मारली.