शिशाच्या वावरातली ज्वारी

आमच्या नत्थुजींचा स्वतःच्या सावलीवरही भरोसा नाही. दूध घरच्या म्हशीचं, तरी पाणी घातलंय का ते बघूनच पितात. अकोल्याजवळ नाल्याकाठी त्यांचं आणि माझं वावर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून आहे. नाल्यावर कुणीतरी जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी टाकली आणि मातीत शिसं उतरलं. भट्टी बंद झाली, शिसं राहिलं. सहा वर्षं धड काही उगवलं नाही. त्यांच्या बायकोला, रुख्मिणीकाकूंना, एकच ध्यास, मरायच्या आधी आपल्या वावरातल्या ज्वारीची भाकर खायची.

मग अमरावतीहून अदिती आली, मातीवर संशोधन करणारी. तिच्या बाटलीत मातीतलेच जिवाणू होते. ते शिसं धरून ठेवतात, मुळांत फारसं शिरू देत नाहीत, असं ती म्हणाली.

“मंग शिसं जाते कोठी?” नत्थुजींनी विचारलं.

“मातीतच राहतं काका, बांधलेलं. म्हणून दाणे तपासल्याशिवाय खायचे नाहीत.”

“म्हंजे चोर घरातच, फक्त खाटेले बांधून ठेवला!”

तरी माझ्यासारखी त्यांनीही बाटली घेतली. योजनेत फुकट होती ना! गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची, दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही, हे अदितीने दोनदा बजावलं.

पोळ्यापर्यंत माझी ज्वारी छातीला लागली. त्यांची वीतभर, तीही पिवळी. नत्थुजी पेटले.

“अमोल, तुले असली बाटली देल्ली, मले नकली! वळखतो मी या लोकायले.”

चार जणांत बसले की हेच. मला भारी राग आला.

अदिती पीक पाहायला आली. “काका, बियाण्याला आणखी काही लावलं होतं?”

“काहीच नाई.”

“खोटं काहून बोलता?” मागून काकू म्हणाल्या. “ते बुरशीवरची गुलाबी पावडर चोळली यायनं. दरसाली चोळतात. म्हने, बाटलीचा काय भरोसा!”

अदितीने एक पिवळं ताट उपटून मुळं पाहिली. मग म्हणाली, “त्या पावडरीनंच जिवाणू मेले, काकू.”

नत्थुजी चाचरले. “मंग पुढच्या साली...”

“योजना यंदाच संपतेय. बाटल्याही संपल्या.”

काकू ज्वारीच्या त्या पिवळ्या ताटांकडे बघत राहिल्या. “मले एक भाकर खायची होती,” एवढंच बोलल्या आणि घराकडे निघाल्या. नत्थुजी मान खाली घालून उभे होते. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच गेला. काकूंचा अजून गेलेला नाही.