मागच्या दाराची गणती

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं बाबा म्हणतात. त्या आठवड्यात तो तिथून हललाच नाही, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच होता.

दाना ओलीतल्या आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा एक तलाव आहे, महापालिकेचा. त्याला मागच्या बाजूने एक लोखंडी दार आहे आणि दारातून खाली अकरा पायऱ्या. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर आमच्याच लोकांची बैठक असते. दाना ओली, पाटणकर बाजार, टोपी बाजार इथली ही म्हातारी मंडळी. पूर्वज दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर या हिंदी मुलखात आलेले. हे कुणी निवृत्त कारकून, कुणी दुकानदार. गळ टाकून बसायचं, सरकारला शिव्या द्यायच्या, मासा लागला तर मासा घेऊन घरी, नाही तर नुसतंच घरी.

बाबा त्यांच्यातले उस्ताद. काठी नाही, काही नाही; दोरा तर्जनीवर घ्यायचा आणि नुसत्या ओढीवरून सांगायचं, रोहू आहे की कतला. सगळे कौतुक करायचे. काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली आहे, हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी चहाचा कप शोधताना ते टेबलभर हात फिरवायचे आणि मी कप पुढे सरकवला की माझ्यावरच खेकसायचे. तलावावर डोळ्यांवाचून त्यांचं काही अडत नसे. पायऱ्या पायांना पाठ होत्या. "तिथे बोलायचं नाही हं कुणापाशी," एवढंच त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मग दारावर नोटीस लागली. मागचं दार बंद होणार. मासेमारी फक्त पुढच्या फाटकाकडून, कार्ड असेल त्यालाच, तीही आठवड्यातून दोन सकाळी. मागच्या बाजूला पायडलच्या बोटी येणार. पुढचं फाटक म्हणजे मोठा रस्ता ओलांडायचा, नवी गुळगुळीत फरशी, अनोळखी उतार. बाबांना तिथे एक पाऊल टाकता आलं नसतं. दार गेलं की त्यांचा तलाव गेला, हे आम्हा दोघांनाच कळत होतं.

मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि मंडळींना घेऊन कचेरीत गेले. म्हातारे बाहेर बाकावर बसले, आत मी एकटी. साहेब गोड बोलणारे होते. "मैडम, पिछले गेट पर आता ही कौन है?"

"गिनकर देख लीजिए!" मी टेबलावर हात आपटला.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "ठीक है, राखी के बाद एक हफ्ता गिनती करा लेते हैं। सावन भी निकल जाएगा।" मी तिथल्या तिथे कागदावर सही ठोकली आणि लढाई जिंकल्यासारखी बाहेर आले.

बाबांनी तारीख विचारली. सांगितली. ते म्हणाले, "अगं, तेव्हा आपला श्रावण अर्धाच सरलेला असतो."

इकडच्या लोकांचा सावन राखीला संपतो. आमचा त्यापुढच्या अमावास्येपर्यंत चालतो, आणि तोवर पायऱ्यांवरचा एकही म्हातारा गळाला हात लावत नाही. लहानपणापासून मला हे माहीत. पण शाळेत शिकवते तिथे उपास त्यांचे, सुट्ट्या त्यांच्या. मी त्यांच्या पंचांगात कधी राहायला गेले, ते मलाच कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परत कचेरीत गेले. साहेबांनी माझीच सही मला दाखवली.

गणतीला एक बाबू आला. दाराशी खुर्ची टाकून बसला. सोमवारी त्याने वहीत शून्य लिहिलं, मंगळवारीही शून्य. शाळा सुटली की मी धावत जायची, ते शून्य बघायची आणि घरी येऊन बाबांशी भांडायची.

"मासे काय पंचांग बघतात, बाबा?"

"मासे नाही बघत. मी बघतो."

"दार बंद झाल्यावर बसा मग पंचांग घेऊन!" हे मी बोलले. बोलायला नको होतं. गुरुवारपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गुरुवारी तेच म्हणाले, "गळ नको. नुसत्या दोऱ्याला कणीक लावून बसू. मासे खाऊन जातील, बिचारे. आपण कुठे पकडून राहिलो?" मग मला नंबर लावायला सांगून त्यांनी एकेकाला फोन केला.

शुक्रवारी अकराच्या अकरा पायऱ्या भरल्या. बाबू खाली उतरला, एक दोरा पाण्यातून उचलून म्हणाला, "बाबूजी, काँटा तो है ही नहीं। मैं मछली पकड़ना कैसे लिखूँ?"

मी त्याला फाडून खाल्लं. तो वाईट नव्हता, नोकरीला भीत होता. त्याने साहेबांना फोन लावला आणि तोडगा आणला. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मी इथे नेहमी मासे धरायला येतो, आणि खाली नाव, पत्ता, सही.

बाबा रांगेत चौथे होते. मी पुढे झाले. "मैं लिख देती हूँ।"

"नहीं मैडम, अपने हाथ से।"

बाबांनी पेन घेतलं. अक्षर मोत्यासारखं, पण ते आधीच्या माणसाच्या नावावरच चढलं, तिथून घसरलं आणि सही कागद सोडून खालच्या पुठ्ठ्यावर झाली. टोपी बाजारातले काका इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या जागेवर बसत आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून रे?"

"तू मला तरुण दिसायला लागलास तेव्हापासून," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही. बाबूने वहीत शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

आम्ही जिंकलो. मागचं दार उघडंच राहिलं, बोटींचा बेत गेला, फक्त कार्ड इथेही लागणार होतं; दिवाळीआधी दारावर कार्ड मिळालेल्यांची यादी लागली. काकांनी पेढे आणले. बाबा माझा दंड धरून उभे होते. "वाच," म्हणाले.

यादीच्या तळाशी हिंदीत एक ओळ होती. दृष्टी नसल्याने, सुरक्षेच्या कारणास्तव, एका अर्जदाराला कार्ड नाही. ती मला आधी दिसली. मी नावं वाचत गेले, शेवटपर्यंत, आणि त्या ओळीपाशी थांबले.

"परत वाच."

मी परत वाचलं. या खेपेला काकांच्या नावानंतर बाबांचं नाव घातलं, आवाज तसाच ठेवून.

बाबांनी माझ्या दंडावर थोपटलं. "पहिल्यांदा बरोबर वाचलं होतंस," ते म्हणाले. "चल घरी."