पाटील टाकून पाहिलं का?

हमीदभाई मन्यार यांना मी पहिल्यांदा पाहिले ते उभेच. मी तेव्हा एका दैनिकाला बातम्या द्यायचो. घरचे इंटरनेट बंद पडले, म्हणून धावत त्यांच्या नंदुरबारच्या कार्यालयात शिरलो. बातमी पाठवून निघालो, तर म्हणाले, "थांबा. पोहोचली का, ते विचारा आधी." संपादकांचा होकार येईपर्यंत ते येरझारा घालत राहिले. बातमी माझी, जीव त्यांचा खालीवर. पुढे मी त्यांच्याकडेच कामाला लागलो.

जिल्ह्यातल्या अनेक छोट्या कंपन्यांचे ईमेल हमीदभाई एकाच सर्व्हरवर सांभाळतात. छप्पर एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाची नावा-पत्त्यांची यादी वेगळी. त्यांच्या आई रनाळ्यात घरोघरी बांगड्या भरायच्या. एका घरचे माप दुसऱ्या घरी बोलायचे नाही, ही त्यांची शिकवण हमीदभाईंनी सर्व्हरला लावली.

सर्व्हर नवा घेतला तेव्हा मात्र याद्यांमधला पडदा उघडा राहिला. एका मिरची व्यापाऱ्यांकडच्या कारकून ताईंनी पत्र लिहायला पत्त्याच्या जागी 'पाटील' टाइप केले, तर नावांची भलीमोठी यादी उघडली. त्यांनी आम्हाला फोन लावला. "भाई, आख्खा तालुकाना पाटील ऊनात मन्हाकडे! जेवाले बसाडू का?"

आम्ही हसलो. हमीदभाई हसले नाहीत. त्या यादीत दुसऱ्या मिरची व्यापाऱ्यांचेही पाटील होते, आणि एका नावापुढे लिहिले होते : खरेदी केंद्र, सारंगखेडा. ते केंद्र सुरू व्हायचे होते. बाजारात कुणाला त्याचा सुगावा नव्हता.

पडदा लगेच ओढला. मी म्हणालो, "गप्प राहू या, भाई. सांगितलं तर दोन्ही गिऱ्हाइकं जातील." आमचे कार्यालय चालत होते ते या दोघांच्याच भरवशावर.

"त्यांना कळलं नाही. मला कळलं ना!" त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. मीही मागे बसलो.

केंद्रवाले शेठ ऐकताच भडकले. "कोनले दिसनं?"

"ते मी सांगाव नही, शेठ. काय दिसनं तेवढं सांगस."

"मन्हं घर उघडं पाडं, नि वर तोंड शिवीसन बसना?"

"त्यासनं घर बी मन्हाकडेच शे."

शेठचा आवाज उतरला. "म्हंजे मन्हं बी त्यासले सांगाव नही?"

"नही."

"मंग ऱ्हाऊ दे. चहा ले. आते तरी बस!"

ते बसले नाहीत. दुसऱ्या शेठकडे जायचे होते ना!

दोघेही आजवर आमच्याकडे टिकून आहेत. हा प्रसंग लिहायची परवानगीसुद्धा हमीदभाईंनी दोघांकडून वेगवेगळी मागितली.

तेव्हापासून सर्व्हरवर काहीही बदलले, की प्रत्येक कंपनीच्या खात्यातून 'पाटील' टाकून पाहायचे, हा आमचा नेम. पाटील नाहीत अशी कंपनी आमच्याकडे सापडायची नाही. माझ्या वडिलांचे धुळ्याला ऑपरेशन झाले, तेव्हा हमीदभाई दिवसभर दवाखान्यात होते. बाकावर टेकले नाहीत. कधी डॉक्टरांमागे, कधी औषधांसाठी. निघताना कानात म्हणाले, "ऑफिसची काळजी करू नका. पाटील टाकून पाहिलंय."

हमीदभाईंनी साठी गाठली, त्यानिमित्त त्यांचा सत्कार होतो आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातले थोडे बसूनही जावो. सत्काराची शाल खांद्यावर पडताच ते वळून मला काय विचारतील, हे ठाऊक आहे. म्हणून उत्तर इथेच देऊन ठेवतो : हो भाई, पाहिलंय. ज्याचे त्यालाच दिसले. आता बसा.