एक डोळा मिटलेले फोटो

"ताई, सिर्फ एक फोटो. एक डोळा मिटायचा, स्टेटसला टाकायचा, बस," डॉक्टर सर मोबाइल पुढे करत म्हणाले.

त्या आठवड्यात सगळं बुऱ्हाणपूर एक डोळा मिटून हसत होतं. नेत्रदानाची मोहीम व्हायरल झाली होती. मी नेत्रपेढीत टेक्निशियन. माणूस गेल्यावर काही तासांत त्याच्या घरी पोचायचं आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, काढून आणायचा, हे माझं काम.

"सर, या फोटोवाल्यांपैकी कुणाचा फोन आला का?"

"येईल ना. अवेअरनेस होतोय."

मला मोठे सर आठवले, यांचे वडील. त्यांच्या लूनावर मागे बसून मी केळीच्या बागांमधून शाहपूरला जायची. ते कुणाच्याही ओसरीवर टेकायचे, केळीच्या भावावर बोलायचे. नेत्रदानाचा विषय निघायला दोन-तीन भेटी जायच्या. एखादी आजी विचारायची, "पुढच्या जन्मी आंधळी जन्मले तर?" सर हसायचे नाहीत. आतल्या सुनेलाही बोलावून बसवायचे. तेव्हा मला घरी जायची घाई असायची. आता त्या दुपारी फार आठवतात.

शेवटी फोन आला, शाहपूरच्याच एका केळी व्यापाऱ्याचा. आई गेली होती. त्यांनी तिचाही तसा फोटो टाकला होता. मी बर्फाची पेटी घेऊन पोचले, तर त्यांची बहीण सुनंदा दारात आडवी उभी.

"भाऊ, आईला विचारलं होतं का तू?"

"फोटो काढला ना. हसत होती ती."

"तुझ्याकडे पाहून हसली असेल. डोळे द्यायचे, हे सांगितलं होतं?"

भाऊंनी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. त्यांच्या सहीवर काम झालं असतं. पण सुनंदाचा चेहरा पाहून माझा हात उठेना. आईंना नमस्कार केला आणि रिकामी पेटी घेऊन परत आले.

सर चिडले. "समजावायचं ना, ताई!"

"समजावायची वेळ आई होत्या तेव्हाची होती, सर."

तेरावं झाल्यावर मी बसनं सुनंदाच्या सासरी गेले. ती आधी आईबद्दलच बोलत राहिली, मी ऐकत राहिले. मग तिनं भीत भीत विचारलं, "चेहरा बिघडतो का हो?" नाही, म्हटलं, कळतसुद्धा नाही. खाटेवरचे तिचे सासरे कान देऊन ऐकत होते. मग तेच प्रश्न विचारू लागले. मी पुन्हा गेले, मग पुन्हा.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. "ताई, सासरेबाबा गेले. त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. घरात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही या."

त्यांच्या डोळ्यांनी आज दोन माणसं पाहतात.

सरांनी उत्साहानं विचारलं, "ही केस कुठल्या पोस्टवरून आली, ताई?"

"पोस्टवरून नाही, सर. मी बसनं जात होते."