वाढत्या अंगाची बंदूक

नोरा माणसाच्या तोंडाआधी त्याचा हात बघायची. आयर्लंडमधल्या कासलबारच्या बाहेर तिच्या शेजारी आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी ती फाटकाशी उभी होती. सत्तरीची, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी, पायात रबरी बूट. नावगाव विचारायच्या आत तिनं माझ्या मुलीचा, सईचा, हात कोपरात दुमडला आणि कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत वीत टेकवून पाहिली. "माझ्याएवढाच आहे. ग्रँड," ती म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत छान; पण कशासाठी छान, ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये सोळा वर्षांच्या सईला जाण्यासारखी एकच जागा उरली होती, ती म्हणजे नोराचं मेंढ्यांचं कुरण. तिथं कोकरं कोल्हे उचलून नेत आणि नोरा बंदूक घेऊन बांधावर बसे. त्या बंदुकीचा लाकडी दस्ता आखूड होता. नोरा बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तो करवतीनं कापला होता. "बापानं बंदूक कापली," ती सांगायची. "माझे हात ओढून लांब नाही केले."

सईनं शिकायचा हट्ट धरला. आमच्या घरात अंडंसुद्धा चोरून यायचं, पण माझी बायको मेधा शेवटी तयार झाली, एका अटीवर: नोरा शेजारी असेल तरच.

लायसन्सच्या अर्जात कोणती बंदूक घेणार ते लिहावं लागतं. नोरानं मेंढ्यांच्या खाद्याच्या पावतीमागं लिहून दिलं: पॉइंट टू-टू, हलकी, आखूड दस्त्याची. "आधी ससे. धक्का नको, मोठा आवाज नको. डोळे मिटायची सवय लागायच्या आत पोरीला नेम धरता आला पाहिजे." आपल्या जमिनीवर शिकार करू देण्याच्या पत्रावर तिनं सहीही केली.

आता माझी अक्कल ऐका. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तपासणी करतो. केसभर फरक असला तर माल परत पाठवतो. पण घरात आमचं सगळं वाढत्या अंगाचं. लहानपणी मी बुटात कापूस कोंबून शाळेत गेलो, सईनं पहिली दोन वर्षं सायकल उभ्यानंच चालवली. पॉइंट टू-टू मी कॉलेजात कॅडेट असताना झाडली होती, मला ती खेळण्यातली वाटली. एकदाच काय ती चांगली घेऊ, असं म्हणून मी अर्जात हरणाच्या शिकारीची पूर्ण मापाची रायफल लिहिली. नोराला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात रायफल आली. आम्ही तिघं कुरणाच्या वरच्या टेकाडावर गेलो. नोरानं दस्ता सईच्या कोपराच्या खळगीत टेकवला. बोट घोड्यापासून चांगलं चार बोटं मागं राहिलं.

"ही कोणासाठी आणलीस?" तिनं मला विचारलं.

"वाढेल की ती."

"सोळाची आहे. आता काय वाढणार?" ती चिडली नाही. "थांबा, करवत आणते. मी येईपर्यंत गोळी भरायची नाही."

ती खाली उतरली आणि माझं डोकं फिरलं. कोरी करकरीत रायफल ही बाई कापणार! "सई, एक झाडून बघ. काही होत नाही."

"बाबा, इट्स टू लाँग."

"हात लांब कर ना जरा."

तिनं केला. दस्ता खांद्यात बसलाच नाही, दंडावर घसरला. बार उडाला आणि रायफलीवरची नेमाची दुर्बीण धाडकन तिच्या भुवईवर आदळली. करवत घेऊन नोरा वर आली तेव्हा सईचा अर्धा चेहरा रक्तानं भरला होता.

मी मागं सईच्या भुवईवर रुमाल दाबून बसलो, गाडी नोरानं हॉस्पिटलात नेली. आत मुलीबरोबर एकालाच सोडत होते. मेधा ऑफिसातून थेट आली आणि दारातच तिनं मला विचारलं, "नोरा होती ना तिथे?"

नोरा दोन मीटरवर मास्क लावून उभी होती. तिला कळू नये म्हणून मी मराठीत बोललो. "होती. बंदूकही तिनंच निवडली."

मेधानं वळून तिला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही निवडलीत?"

नोरानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून तिला माझं मराठी समजलं असावं.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "आणि मी खाली जायला नको होतं."

भुवईत चार टाके पडले, डोळा वाचला. मेधानं नोराचं फाटक आम्हाला बंद केलं. सईला मी म्हणालो, "तू बोलू नकोस, मी सांगतो आईला." ती थांबली. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी आडवं यायचं. आडवं यायचा तो मीच. नोरा कुंपणापलीकडून विचारायची, "पोरीचा डोळा कसा आहे?" मी म्हणायचो, "ग्रँड." बाकी एका शब्दानं तिनं कधी मला छेडलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीत नोरा झोपेतच गेली. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून शेजारीपाजारी रस्त्याच्या कडेला उभे राहणार होते. मेधा म्हणाली, "मी नाही येणार. तिच्यापायी माझ्या पोरीचा डोळा गेला असता."

सई जिन्यात उभी होती. आमच्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी, त्या दिवशी मराठीत म्हणाली, "बाबा, तू सांगतोस की मी सांगू?"

मी सांगितलं. मेधानं कोट चढवला आणि आमच्या आधी बाहेर पडली. शववाहिका आमच्यासमोरून सावकाश गेली तेव्हा तिनं हात जोडले. ती सईच्या पलीकडं उभी होती, माझ्या शेजारी नाही. मला लाज वाटत होती, अजूनही वाटते. नोराला ऐकू येत होतं तोवर मी बोललो नाही.

सई आता सतरा वर्षांची झाली आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी तिची उंची पेन्सिलीनं मांडतो, ती खूण गेल्या वर्षी होती तिथंच आहे.