नवस न बोललेली आई

सुधीरचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी भाजी निवडत बसले होते. "काकू, आई गेली," एवढंच तो बोलला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी लवकर निघा. इथं आत्यानं वेगळंच सुरू केलं."

अमरावतीला पोचले तर बैठकीत ताईंना खाली निजवलेलं होतं आणि त्यांच्या उशाशीच वाद चालला होता. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या वन्सं, म्हणजे सुधीरची आत्या, हातात कुलदेवीच्या अंगाऱ्याची पुडी घेऊन उभ्या होत्या आणि सुधीर आईच्या कपाळावर आडवा हात धरून बसला होता.

"घराण्याची सून हाय ते," वन्सं म्हणत होत्या. "अंगाऱ्याशिवाय कशी जाऊ देऊ?"

"आईनं जितेपणी लावला नाही. आता तिले नाही म्हणता येत नाही, म्हणून लावता का?"

माणसं जमली होती, पण कोणी मध्ये पडेना. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, भिंतीला टेकून बसलेले. सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. मी वन्संना एवढंच विचारलं, "वन्सं, ताई उठून बसल्या असत्या, तर लावू देल्ला असता का त्यायनं?" वन्संनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग पुडी कमरेला खोचली आणि ताईंच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडल्या...

ताईंचं माहेर रिद्धपूरजवळच्या एका खेड्यातलं, महानुभाव पंथाचं. परमेश्वर एक, त्याचं स्मरण करायचं, दुसऱ्या देवतेपुढं हात जोडायचे नाहीत, प्रसाद खायचा नाही, नवस बोलायचा नाही. आमचं सासर अंजनगाव सुर्जीचं, शेतीचं आणि बी-बियाण्याच्या दुकानाचं, आणि कुलदेवीचं मोठं प्रस्थ असलेलं. लग्न जमवताना कोणाला यात काही अडचण वाटली नाही. पोरगी येईल तशी वळेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी धाकटी सून होऊन आले तोवर ताई वळलेल्या नव्हत्या. नवरात्रात पुरण वाटायच्या, देवघर सारवायच्या, नैवेद्याचं ताट स्वतः वाढून द्यायच्या, आणि आरती सुरू झाली की स्वयंपाकघरात निघून जायच्या. त्यांच्या वाटचा प्रसाद मी खायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या हे सगळं पाहत होत्या. काही बोलत नव्हत्या, पण विसरतही नव्हत्या.

सुधीर शाळेत जाऊ लागला होता, तेव्हा त्याला ताप आला आणि दोन दिवसांत तो ओळख विसरला. मेंदूत ताप गेला म्हणाले. अमरावतीच्या दवाखान्यात हलवलं. सकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या, मग सांगू. आत्याबाईंनी पिशवीतून नारळ काढला आणि व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, ताईंच्या पुढं धरला.

"बोल नवस. पोट्टा उठला की देवीची ओटी भरीन, पायी येईन म्हन. हे मायनंच बोलावं लागते."

ताई उठून उभ्या राहिल्या. "आत्याबाई, तुमी बोला. मी तुमाले अडवत नाही."

"माह्या बोलन्यानं चालत असतं त तुले कायले सांगतलं असतं? तुह्या तोंडाले काय झालं?"

"जिच्यापाशी मी कधी गेली नाही, तिच्यापाशी आज गरज पडली म्हणून कशी जाऊ? ते खोटं होईन. पोराच्या जिवावर खोटं नका बोलवू मले."

"अन् पोट्ट्याले काही झालं त?"

आत्याबाई भाऊजींकडे वळल्या. "सांग इले." भाऊजी खाली बघत राहिले. मला वाटत होतं, ताईंच्या हातात तो नारळ कोंबावा आणि त्यांच्या वतीनं मीच काय ते बोलून टाकावं. पाच-सात शब्दांचा तर प्रश्न होता! आत पोर तडफडत होतं, आणि ही बाई कसला हिशेब बघत होती? शेवटी आत्याबाईंनी स्वतःच डोळे मिटून नवस बोलला आणि ताईंना म्हणाल्या, "याले काही झालं त तुह्या देवाले घेऊन माहेरी जायजो." ताई दवाखान्याच्या अंगणात लिंबाखाली जाऊन बसल्या. ओठ हलत होते. मी पाण्याचा पेला नेला, तो तसाच बाजूला राहिला.

सुधीर उठला, पण त्याचा डावा कान गेला. आत्याबाईंनी पायी जाऊन नवस फेडला, आणि आल्यागेल्याला सांगू लागल्या, "देवीनं पोरगं देल्लं, अन् मायच्या घमंडीपायी एक कान ठेवून घेतला." ताईंच्या देखत सांगायच्या. सुधीरच्याही देखत. ताई चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या.

एकदा, पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळवत होतो. मी धीर करून विचारलं, "ताई, त्या दिवशी लिंबाखाली तुमाले देवानं काही सांगतलं का? तुमी एवढ्या ठाम कशा राहिल्या?"

त्यांनी हातातला पापड उलटला. "त्या दिवशी कोनी आलं नाही," त्या म्हणाल्या. "एरवी नाव घेतलं की जवळ असल्यासारखं वाटे. त्या दिवशी विहिरीत बादली सोडावं, अन् दोर संपला तरी पानी लागू नये... तसं. मले वाटलं, कोनी नाहीच तिथं, अन् माहं पोरगं मी उगाच मारून राहिली."

"मग नवस कावून नाही बोलल्या?"

"कोनी नाही असं वाटलं, म्हणून दुसऱ्याच्या दारी जाऊ? मग मी रोज बसत होती ते काय होतं?" आणि म्हणाल्या, "अजूनही रोज विचारते मी. उत्तर नाही भेटलं."

तोवर मला वाटायचं, ताईंना देवाची खात्री आहे, म्हणून त्या अशा. त्यांना खात्री नव्हती. तरी त्या रोज पहाटे बसत होत्या.

पुढं भाऊजींनी अमरावतीला घर केलं आणि आत्याबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांचं सगळं ताईंनी केलं. अंघोळ, कपडे, घास भरवणं, सगळं. मी अधूनमधून जायचे. अशाच एका संध्याकाळी मी तिथं असताना आत्याबाईंनी डाव्या हातानं देवघराकडे बोट केलं. "दिवा."

"मी लावते," म्हणून मी उठले. त्यांनी जोरानं मान हलवली आणि बोट ताईंकडे वळवलं. "ते... लावीन."

इतक्या वर्षांनी, अंथरुणावरून, म्हातारी पुन्हा तेच मागत होती. ताई काडीपेटी हातात घेऊन उभ्या राहिल्या. आत्याबाईंची नजर त्यांच्यावरून ढळत नव्हती. मग ताईंनी मला म्हटलं, "तिकून धर." आम्ही दोघींनी आत्याबाईंना उचलून देवघरापुढं बसवलं. ताई त्यांच्या मागे बसल्या, त्यांची पाठ स्वतःच्या छातीला टेकवून घेतली, डाव्या हाताच्या बोटांत काडी दिली, आणि त्या हाताभोवती स्वतःचा हात धरून ती ओढली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. दोन्ही हात मिळून वातीपर्यंत गेले.

"लावला तुमी," ताई म्हणाल्या.

आत्याबाई ज्योतीकडे पाहत राहिल्या. मग जड जिभेनं म्हणाल्या, "वात... लय मोठी केली."

पुढं त्या जाईपर्यंत रोज संध्याकाळी दिवा असाच लागला. कानाचं त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्या पहिल्या संध्याकाळी निघताना मी ताईंना विचारलं, "आज वाटलं का काही, कोनी जवळ असल्यासारखं?"

"मले नाही माहीत," त्या म्हणाल्या. "हात कापून राहिला होता. त्यायचा का माहा, ते समजत नव्हतं."

परवा पुन्हा अमरावतीला गेले होते. सुधीरनं आईची खोली तशीच ठेवली आहे. खिडकीखाली एक सतरंजी, समोर कोरी भिंत, त्यावर साधं कॅलेंडरसुद्धा नाही. मी माझ्या घरी रोज यथासांग पूजा करते, तासभर. आणि त्या तासभरात मन बाजारात असतं, मुलाच्या नोकरीत असतं, गुडघ्यात असतं. दार लोटून मी त्या सतरंजीवर बसले. समोर फूल नाही, समई नाही, हातांना काही काम नाही. डोळे मिटले. बाहेर मिक्सर चालू होता, कोणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती. मी नाव घेतलं. काही झालं नाही. पुन्हा घेतलं. कोणीही आलं नाही, आणि तरी उठावंसं वाटेना.

"काकू, जेवाले चला," सुधीरनं बाहेरून हाक मारली.

"थांब रे थोडा," मी म्हटलं.